मलाक्कातली गस्त आणि कोलंबो परिषद

छोट्या देशगटांच्या सुरक्षा सहकार्याची चर्चा करारांभोवतीच फिरते. खरी अडचण येते ती भर समुद्रात, हद्दीवर. मलाक्का सामुद्रधुनीत इंडोनेशिया, मलेशिया व सिंगापूरने जुलै २००४ मध्ये समन्वित गस्त सुरू केली. पण प्रत्येकाची नौका आपल्याच हद्दीत. चाच्यांची होडी पलीकडे गेली की पाठलाग थांबवून शेजाऱ्याला कळवायचे. म्हणून २००५ पासून टेहळणी विमानांत सहभागी देशांचे अधिकारी एकत्र बसू लागले आणि शेजाऱ्याच्या किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंत उडण्याची मुभा मिळाली. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनच्या विमा समितीने ही सामुद्रधुनी युद्धजोखमीच्या, म्हणजे जहाजांना जादा विमा हप्ता पडू शकतो अशा भागांच्या, यादीतून काढली. भारत, श्रीलंका, मालदीव आदी हिंदी महासागरातील देशांचा सुरक्षा गट असलेल्या कोलंबो सुरक्षा परिषदेनेही आधी एवढेच पक्के करावे: निरोप कोणी, कोणाला आणि किती मिनिटांत द्यायचा.

– एक वाचक, रत्नागिरी