होडीतल्या नव्या बैठकांविषयी आई-बाबांना पत्र

बडोदे

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, चांदोदच्या आपल्या होडीतला मधला बाक काढून तिथे गोल फिरणाऱ्या दोन उंच खुर्च्या बसवाव्यात, असे तुम्ही फोनवर सुचवलेत आणि दादाकरवी त्यांचे चित्रही पाठवलेत. त्या वेळी मी फक्त "बघते" म्हणाले, कारण हा विषय फोनवर धड बोलून होणारा नव्हता. त्या खुर्च्या मी घेतलेल्या नाहीत आणि मधला बाकही हलवलेला नाही. त्याऐवजी त्याच बाकावर पाठ आणि हाताने धरायच्या कड्या असलेल्या दोन बैठका करून घेतल्या आहेत. असे का केले ते सविस्तर लिहीत आहे. वाचून तुम्हाला काही बदल हवा असेल तर अजून वाव आहे, कारण पाठींची शेवटची भोके मी मुद्दाम पाडलेली नाहीत.

आधी जुन्या बैठकांची स्थिती सांगते. २०२३ च्या सप्टेंबरात सरदार सरोवरातून सोडलेल्या पाण्याने नर्मदेला पूर आला आणि चांदोद-करनाळीचे घाट बुडाले, तेव्हा होडी वर ओढून ठेवलेली असूनही गाळाने भरली होती. वरवर धुतल्यावर ती स्वच्छ दिसली. पण गाद्यांच्या आतला साधा फोम स्पंजासारखा असल्यामुळे शिलाईच्या भोकांतून शिरलेले पाणी त्याने धरून ठेवले आणि खालचे प्लायवुड आतून कुजत गेले. लाकडी हातोडीने ठोकत गेले, तेव्हा कडांना टणटणीत आवाज येत होता आणि मध्यावर भद्द. तिथे स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवले तर ते जोर न लावता आत गेले. बाहेरचे फायबर मात्र उत्तम आहे, कुठेही तडा नाही. नाव जुनी असली तरी टाकाऊ नाही, हा तुमचा अंदाज अगदी बरोबर ठरला.

आता तुमच्या खुर्च्यांविषयी. मधला बाक ही केवळ बसण्याची जागा नाही. तो होडीच्या दोन्ही कुशींना जोडलेला आहे आणि त्यानेच त्या कुशी आपापल्या जागी ताठ राहतात. तो कापून काढला तर लाटेवर होडीचे अंग आत-बाहेर हलू लागेल आणि फायबरला कालांतराने चिरा पडतील. शिवाय त्या बाकाच्या बंद पेटीत फोम भरलेला आहे. होडीत पाणी भरले तरी ती तळाशी जाऊ नये, यासाठी बांधणाऱ्याने तो तिथे घातला. पेटी उघडून फोम काढणे म्हणजे अडचणीच्या वेळचा आधारच काढून घेणे, आणि ते काम मी माझ्या हातून होऊ देणार नाही.

त्याहून मोठे कारण उंचीचे आहे. आपली चौदा फुटी होडी रिकामी असताना सव्वाशे-दीडशे किलोंची असेल. तुम्ही दोघे, मी आणि मोटार चालवणारा नाविक बसलो की माणसांचे वजन होडीच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे ती कितपत कलेल हे तिच्या घडणीपेक्षा आपण कुठे आणि किती उंच बसतो यावर अधिक ठरते. चित्रातल्या खुर्चीची बैठक तळापासून सुमारे वीस इंच येते, जुना बाक बारा इंचांचा आहे. दोन माणसे आठ इंच वर गेली आणि दोघेही एकाच वेळी एका बाजूचे काही पाहायला वळले, तर होडी तेवढ्यानेच झुकेल. फिरणारी खुर्ची माणसाला वळायला सोपे करते, आणि अशा होडीत मला नेमके तेच नको आहे. रुंद, जड होडीत किंवा एकट्याने मासेमारी करणाऱ्याला ती सोयीची असते, हे मी नाकारत नाही.

१८ जानेवारी २०२४ या दिवशी आपल्या हरणी तलावात होडी उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त मुले बसवली होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेटही नव्हते. आई, त्या दिवसानंतर होडीचे नाव काढले की तू गप्प होतेस, ते मला कळते. म्हणूनच या वेळी प्रत्येक गोष्ट मोजून केली आहे आणि तुला ती नुसत्या "काळजी करू नकोस" या शब्दांत सांगत नाही.

बाबा, तुमच्या गुडघ्याचा सांधा बदलल्यावर डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली आहे, त्यामुळे बारा इंचांचा बाक तसाच ठेवणेही शक्य नव्हते. नवी बैठक माणूस बसून गादी दबल्यावर साडेपंधरा इंच राहते. दुकानात मोजलेली उंची आणि बसल्यावरची उंची यांत बराच फरक पडतो, म्हणून मी प्रत्येक माप कुणाला तरी बसवूनच घेतले. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीइतकी उंच ती नाही. ती उणीव धरायच्या कड्यांनी भरून काढली आहे. दोन्ही बाजूंना स्टीलच्या वाकवलेल्या नळीच्या कड्या आहेत आणि त्या मांडीच्या मध्याशी येतात, कारण उठताना माणूस पुढे झुकतो आणि तेव्हाच हाताला आधार लागतो. अगदी मागे लावलेली कडी दिसायला छान दिसते, पण उठताना तिचा उपयोग होत नाही.

आई, तुझी बैठक बाबांच्या बैठकीपेक्षा पुढून दोन इंच आखूड केली आहे. तुझे पाय तळाला पूर्ण टेकले पाहिजेत. ते लोंबकळले तर हिसका बसताच सगळा भार कमरेवर येईल आणि तुझी पाठ आधीच दुखरी आहे. मापे घेताना लाइफ जॅकेट घालूनच बसवले होते. जॅकेटचा मागचा भाग चांगला जाड असतो, त्यामुळे घरातल्या खुर्चीच्या मापाने पाठ केली तर जॅकेट घातलेला माणूस पुढे ढकलला जातो आणि मग पहिल्या पाच मिनिटांतच ते काढून ठेवण्याचा मोह होतो. जॅकेट अंगावर ठेवूनच आरामात टेकता येईल, अशी बैठक मला हवी होती.

फिरणाऱ्या खुर्चीमागची तुमची इच्छा मात्र मी सोडून दिलेली नाही, बाबा. संगमावर ओरसंगचे पाणी नर्मदेला मिळते ते तुम्हाला पुढून पाहायचे असते, आणि परतताना करनाळीचा घाट दूर जाताना पाहायचा असतो. त्यासाठी पाठीचे दोन्ही पाय नळीचे केले आहेत आणि बैठकीच्या चौकटीत पुढे एक व मागे एक अशा खोबण्यांच्या जोड्या ठेवल्या आहेत. होडी घाटाला बांधलेली असताना पाठ उपसून दुसऱ्या जोडीत घालायची आणि आरपार खिळ लावायची; बैठकीचे तोंड फिरले. मात्र पाण्यात असताना खिळ काढायची नाही.

चौकट मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची करून घेतली. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ लागले असते. नर्मदेच्या गोड्या पाण्याला हे पुरते आणि खर्चही कमी येतो. माणूस मागे रेलला की त्याचा जोर प्लायवुडवर न येता थेट या चौकटीवर आणि तिथून बाकावर जातो. प्लायवुड १२ मिलिमीटरचे, आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का असलेले, ओलाव्यात टिकणारे मरीन प्लाय आहे. त्याच्या सर्व कडांना आणि भोकांच्या आतल्या अंगालाही एपॉक्सीचे, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या आणि पाणी अडवणाऱ्या रेझिनचे, हात दिले आहेत, कारण कितीही भारी प्लाय घेतले तरी पाणी कापलेल्या कडेतूनच शिरते. खालून निचऱ्याची भोके ठेवली आहेत.

गादीसाठी पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम घेतला. तो थोडा कडक लागतो, म्हणून वर अर्धा इंच मऊ थर आहे. अर्ध्या-पाऊण तासाच्या फेरीला ते पुरेसे आहे. आई, म्हणूनच गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला होडीने जाण्याचा तुझा मानस या बैठकांवर पुरा होणार नाही. तिथे आपण गाडीनेच जाऊ.

शिलाई वाडीतल्या एका कुशनवाल्याने केली आणि फार मन लावून केली. त्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: दोरा सुती नको, पॉलिएस्टरचा हवा, आणि बसण्याच्या जागेवर एकही टाका नको, सगळी शिवण बाजूच्या पट्टीवर उतरवायची. त्याने पुढच्या कडेला रेक्झिन दुमडून शिवण अशी खाली नेली आहे की वरून पाणी ओतले तर ते शिवणीवर न थांबता ओघळून जाते. मी तांब्याने ओतून पाहिले. रेक्झिन उन्हात न तडकणारे आहे. रंग तुला हवा होता तसा डाळिंबी नाही, फिकट राखाडी आहे; वैशाखात गडद रेक्झिनवर हात ठेववत नाही. वरच्या किनारीला डाळिंबी गोट घालून घेतला आहे.

बसवण्याचे काम मी आणि आपला नेहमीचा नाविक मिळून केले. बाकाची पेटी बंद असल्यामुळे खालून हात जात नाही, आणि नुसते स्क्रू पिळून बसवले असते तर ते महिन्या-दोन महिन्यांत ढिले पडले असते. सुदैवाने बाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला दोन बोटे रुंदीची पट्टी बाहेर आलेली आहे. तिथे आरपार बोल्ट घालून खालून रुंद स्टीलच्या पट्ट्या दिल्या, म्हणजे ताण एका भोकावर न पडता पसरतो. प्रत्येक भोक आधी १२ मिलिमीटरचे पाडले, घट्ट केलेल्या एपॉक्सीने भरले, ते कडक झाल्यावर त्यातच ८ मिलिमीटरचे नवे भोक पाडले. त्यामुळे बोल्टाभोवती सर्व बाजूंनी एपॉक्सीची भिंत आहे. नायलॉनचे कडे असलेले नट वापरले आणि पिळण्याआधी आट्यांना थोडे ग्रीस लावले, नाहीतर स्टेनलेसवर स्टेनलेस मध्येच जाम होते आणि मग बोल्ट कापावाच लागतो. होडीच्या तळाला कुठेही भोक पाडलेले नाही.

नंतर घाटाला दोर बांधून, तुमच्या दोघांच्या वजनाची माणसे बैठकांवर बसवून, दोघांनाही मुद्दाम एकाच बाजूला झुकायला लावले. काठ पाण्यापासून एक वीतभर वर राहिला. पेट्रोलचा डबा मागच्या बाकाखालून पुढे हलवला, कारण मोटार आणि नाविक दोघेही मागे असल्याने होडीचे शेपूट बसत होते. यापुढे तिच्यात चारच माणसे बसतील, पाहुणे आले तरीही, आणि पाण्यात असताना कुणीही उभे राहायचे नाही. धरणातून पाणी सोडणार असल्याची सूचना असेल त्या दिवशी जायचे नाही.

आता एक काम तुमच्याकडे आहे. पाठीची उंची किती ठेवायची हे तुमच्या मापाशिवाय ठरत नाही. दादाला सांगून पुण्यात एखादे लाइफ जॅकेट मिळवा, ते घालून सरळ पाठीच्या खुर्चीवर बसा आणि बैठकीपासून खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंतचे अंतर दोघांचेही वेगवेगळे मोजून कळवा. खिळीची भोके त्यावरच पाडणार आहे. सोबत रेक्झिनचा आणि गोटाचा तुकडा पाठवत आहे. आईला गोट फारच भडक वाटला तर तेही कळवा, कुशनवाला बदलून देतो म्हणाला आहे.

बाबांचा व्यायाम नियमित चालू ठेवावा. दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची,
लेक