फ्लेक्सवर देव

महोदय,

मी श्रद्धाळू माणूस आहे. म्हणूनच प्रचाराच्या फ्लेक्सवर उमेदवाराशेजारी देव दिसला की चीड येते. त्यातही उमेदवाराचा फोटो देवापेक्षा मोठा! धर्माच्या नावावर मते मागणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार गैरप्रकार आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावावर मते मागणेही त्यात धरले. तरी भाषणे तीच! निकालानंतर निवडणूक याचिका करता येते, पण ती रेंगाळली की आमदारकीची मुदतच संपायला येते. लोकांनी वर्गणी काढून जपलेल्या उत्सवांतही आता पहिली खुर्ची पुढाऱ्यालाच. आयोजकांनी निदान आचारसंहितेच्या काळात तरी हे सत्कार बंद ठेवावेत.

— एक वाचक