नवाल्नीच्या बातमीबद्दल, जरा सविस्तर

प्रिय मित्रा,

परवा फोनवर पुतिनचा विरोधक अलेक्सी नवाल्नी याच्या मृत्यूच्या बातम्यांवरून तू म्हणालास की रशियाचा सरकारी मीडियाही आपलंच रेटणार आणि देशाबाहेर गेलेले पत्रकारही आपलंच रेटणार, दोघं सारखेच. तेव्हा घाईत होतो, पण मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून लिहितोय.

१६ फेब्रुवारी २०२४, आर्क्टिक सर्कलच्या जरा वर खार्पचा तुरुंग. तुरुंग खात्याचं निवेदन आलं की फिरून आल्यावर नवाल्नीला बरं वाटेना, बेशुद्ध पडला, गेला. सरकारी टीव्हीने तेवढं थोडक्यात सांगितलं आणि पुढची बातमी. आरटी या सरकारी चॅनलने सूत्रांच्या हवाल्याने रक्ताची गुठळी म्हटलं, आणि तिकडे त्याच्या आईला सांगितलं 'सडन डेथ सिंड्रोम'! आरटीची प्रमुख सिमोन्यान तर म्हणाली की त्याला सगळे कधीच विसरलेत, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर मारण्यात काही अर्थच नव्हता, यात फायदा विरोधकांचाच. म्हणजे माणूस मेला कसा हे राहिलं बाजूला आणि फायदा कुणाचा यावरच चर्चा.

आता बाहेरचे बघ. मेदुझा ही न्यूज साइट लॅटव्हियातल्या रीगातून चालते, दोझ्द हे चॅनल अॅमस्टरडॅममधून, रशियात त्यांच्या साइट्स ब्लॉक, तेव्हा लोक व्हीपीएन लावून नाहीतर यूट्यूबवर बघायचे. अंगावर काळे-निळे डाग होते अशी बातमी नोवाया गझेता युरोप या अशाच बाहेरच्या पत्राने एका निनावी माणसाच्या भरवशावर दिली, ती मीही बाजूलाच ठेवतो. पण मीडियाझोना या स्वतंत्र न्यूज साइटने काय केलं माहितीये? खार्पजवळचं लाबितनांगी आणि सालेखार्द शहर यांच्यामध्ये ओब नदीवर पूलच नाही, हिवाळ्यात गाड्या गोठलेल्या नदीवरून जातात, तर त्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचं रात्रीचं फुटेज शोधून काढलं आणि त्यात पोलिसांच्या गाड्या आणि एक व्हॅन असा ताफा दाखवला, बहुतेक मृतदेह यातूनच नेला असं म्हणून. तुरुंगाच्या जवळपासही जाता येत नाही अशा लोकांनी हे केलं रे, आणि आम्हाला हे कसं कळलं तेही समोर मांडलं. सरकारी चॅनलने असं एकदा तरी केलं का?

आणि ती आई. ल्युदमिला नवाल्नाया. मुलाचा देह मिळावा म्हणून आठवडाभर हेलपाटे घालत होती, व्हिडिओत तिने सांगितलं की गुपचूप दफन करा म्हणून दबाव आणतायत, तपास अधिकारी म्हणतो वेळ तुमच्या बाजूने नाही, प्रेतं कुजतात. हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही. २४ तारखेला एकदाचा देह दिला. १ मार्चला अंत्यविधीला मॉस्कोत मारिनो भागातल्या चर्चबाहेर हजारो लोक, घोषणा, फुलं, हे सगळं यूट्यूबवर लाइव्ह आणि सरकारी चॅनल्सवर जवळपास काहीच नाही. पुतिनने नाव घेतलं ते थेट १७ मार्चला, निवडणूक जिंकल्यावर.

बाहेरचेही चुकतात, दुःखात वाहवत जातात, मान्य. पण त्यांचं चुकलं तर तपासून बघता येतं, कारण पुरावा आपल्यासमोर ठेवलेला असतो. तू ते नदीवरचं फुटेज आधी बघ, मग फोन कर, तेव्हाही सारखेच वाटले तर भांडू.

तुझाच