चिमठाणे साताऱ्यात कधी गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या 22 मार्चच्या अंकातला क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यावरचा लेख वाचला. स्मृतिदिनाची आठवण ठेवलीत, याबद्दल आभार. 1957 आणि 1985 ची आमदारकी, हुतात्मा किसन अहिर कारखाना, धरणग्रस्तांचे लढे, आटपाडीची पाणी परिषद, पद्मभूषण, सगळं आलं आहे. 1944 सालची साताऱ्याच्या तुरुंगावरची उडी तर लेखकाने अशी रंगवली आहे, की स्वतः भिंतीखाली चादर धरून उभे होते की काय असं वाटावं.

आणि मग चौथ्या रकान्यात, तळाला, जाहिरातीच्या डोक्यावर हे वाक्य: ‘सातारा जिल्ह्यातील चिमठाणे येथील खजिना लुटीतही अण्णांचा सहभाग होता.’

माझे वडील नव्वदीला टेकलेत. पेपर अजून स्वतःच वाचतात, भिंग लावून. त्या वाक्यावर भिंग थांबलं. दोनदा पुढेमागे केलं आणि मला हाक मारून म्हणाले, “आमनं चिमठानं सातारामा कव्हय गयं रे भाऊ?”

मी काय उत्तर देणार? म्हणून आपल्याला विचारतो.

चिमठाणे धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात आहे. सोनगीरहून दोंडाईच्याला जायला निघालात की वाटेत लागतं. अण्णांचं गाव वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, सांगली जिल्हा पुढे झाला, हे मलाही ठाऊक आहे. पण माणूस साताऱ्याचा म्हणून तो जिथे गेला ते गावही साताऱ्याचं, हा कुठला हिशेब? 14 एप्रिल 1944 ला धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना याच रस्त्यावर अडवला गेला. साडेपाच लाखांच्या घरातली रक्कम होती. इंग्रजांविरुद्ध साताऱ्यात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारला हत्यारांसाठी पैसा हवा होता. त्यासाठी अण्णा, जी. डी. बापू लाड आणि त्यांचे साथीदार पाचशे किलोमीटरवरून इथे आले. अनोळखी मुलखात त्यांना वाट कोणी दाखवली, भाकरी कोणी दिली, लपायला जागा कोणी दिली? डांगरीच्या डॉ. उत्तमराव पाटलांचं नाव आपल्या लेखात शोधून सापडलं नाही. त्यांच्या पत्नी लीलाताईंचं तर नाहीच नाही.

आमच्या घरात या लुटीची आठवण आहे ती वेगळ्याच कारणाने. वडील तेव्हा आठ वर्षांचे. आजोबांनी कपाशीच्या पैशातून नेमकी त्याच पंधरवड्यात बाजारातून बैलजोडी आणलेली. लुटीनंतर पोलीस गावोगाव फिरू लागले, आणि नव्या बैलांची जोडी दारात दिसल्यावर त्यांना आणखी काय हवं होतं! पैसा आणला कुठून? आजोबा सांगायचे, कापूस विकला. मग पावती दाखव. पावती व्यापाऱ्याकडे, आणि व्यापारी लग्नाला परगावी. दोन दिवस आजोबांना चावडीत बसवून ठेवलं. आजी भाकरी बांधून न्यायची, ती आधी शिपाई उलगडून बघायचा, भाकरीत नोटा आहेत का म्हणून. तिसऱ्या दिवशी व्यापारी उगवला, तेव्हा सुटका झाली. गावाने मात्र त्या डाव्या बैलाचं नाव ‘खजिन्या’ ठेवलं ते ठेवलंच. पुढे बारा वर्षं तो आमच्या नांगराला होता. पोळ्याच्या दिवशी पोरं मुद्दाम ओरडायची, “खजिन्या ऊन्हा रे!” आणि आजोबा काठी घेऊन मागे लागायचे. त्यांनी ना कधी चळवळीत भाग घेतला, ना पेन्शन मागितली. पण ते दोन दिवस चावडीत बसले, ती चावडी सातारा जिल्ह्यात नव्हती, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

मुलाच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी एकदा इस्लामपूरकडे गेलो होतो. वाळव्याला चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गाव विचारलं. धुळे म्हटल्याबरोबर म्हणाले, “म्हणजे खजिन्याकडचे!” चहाचे पैसे घेतले नाहीत. बिस्किटाचे घेतले. तिथल्या टपरीवाल्याला जे माहीत आहे ते आपल्या धुळे आवृत्तीला माहीत नसावं?

चुका सगळ्यांच्याच होतात, मान्य. मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, माझ्याही झाल्या असतील. पण ही पहिली वेळ नाही. डिसेंबरात आपण फैजपूर काँग्रेस 1937 सालची छापलीत. अधिवेशन 1936 च्या डिसेंबरात झालं, नेहरू अध्यक्ष होते, खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. तेव्हाही पत्र लिहिलं होतं. ते छापून आलं नाही. त्या जागी एका भाऊंच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात होती. त्यात वय, पद, गाव सगळं बिनचूक होतं.

आता तीन आठवड्यांनी 14 एप्रिल येतो आहे. त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती असते, सगळे तिकडे असतात, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या वार्ताहराला सकाळी तासभर सवड झाली तर त्याने चिमठाण्याकडे चक्कर मारावी. मोटारसायकलने धुळ्याहून फार वेळ लागत नाही. स्मारकासमोर कुणाचा फ्लेक्स लागलेला असेल तर त्याच्या मागे वाकून बघावं.

दुरुस्ती छापणार असाल तर नेहमीप्रमाणे आतल्या पानावर छापा, हरकत नाही. फक्त टाइप जरा मोठा ठेवा. वडिलांच्या भिंगाची काच एका कोपऱ्याला तडकली आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, दोंडाईचा

ता. क. मंगळवारच्या शब्दकोड्यात उभे 7, ‘धुळे शहरातून वाहणारी नदी, तीन अक्षरे’, याचं उत्तर आपण ‘गिरणा’ दिलं आहे. वडिलांनी ‘पांझरा’ लिहिलं होतं. त्यामुळे आडवे 9 आणि 12 दोन्ही अडले आणि ते रात्री जेवले नाहीत.