बेल्ट कुठे आहे, एवढे पाहून ये

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर मी तिसऱ्यांदा "बंद पडले तर?" असे विचारले आणि "आई, तुला दुसरे काही सुचतच नाही," म्हणून तू फोन ठेवलास. रात्री ठरवले होते की पत्रात तो विषय काढायचाच नाही, नव्या व्हॅनसाठी आशीर्वाद लिहायचे आणि थांबायचे. पण सोमवारी तू व्हॅनमध्ये बसवायच्या त्या गालिचे धुण्याच्या मशीनच्या कागदांवर सही करणार आहेस, आणि तू पाठवलेला फोटो भिंग घेऊन पाहिला तरी त्यात बेल्ट कुठे आहे ते मला दिसले नाही. सगळीकडून गुळगुळीत पत्रा, वर काचेचा पडदा आणि त्यावर चमकणारे आकडे. मशीन देखणे आहे, हे मान्य करते.

आपल्या पहिल्या मशीनचा बेल्ट मागच्या अंगाला, पाणी तापवणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या आड होता. तो बदलायचा म्हणजे तळाचे बोल्ट सोडून ३०० किलोंहून जड असा तो सांगाडा दाराकडे ओढावा लागे. ज्या संध्याकाळी हवा ओढणाऱ्या ब्लोअरचा बेल्ट तुटला, तेव्हा पंप वेगळ्या बेल्टवर असल्यामुळे चालूच राहिला; बाबांच्या ध्यानात येईपर्यंत गालिच्यावर गरम पाणी पडत राहिले आणि ओढून घ्यायला सक्शन नव्हते. त्या घरातल्या बाई दारात उभ्या राहून काही न बोलता पाहत होत्या. बाबांनी टॉवेल दाबून दाबून पाणी टिपले, पण तागाच्या अस्तरापर्यंत ओल गेलेली होती आणि दोन दिवसांनी तपकिरी डाग वर आले. त्या रात्री मी बॅटरी धरली होती आणि तू बोल्ट सोडवायचे पाने देत होतीस. तेरा नंबर मागितला की तेराच द्यायचीस, कधी चुकली नाहीस. बाबांची कंबर तेव्हापासून तशीच आहे. त्या संध्याकाळी निदान आपण तिघे होतो. तू एकटी असशील.

पाहा, पुन्हा तिथेच आले.

नव्या मशीनबद्दलचे तुझे म्हणणे मी नीट ऐकले होते. पण आत असते तरी काय? एक इंजिन, त्यावर हवा ओढणारा ब्लोअर, पाणी दाबणारा पंप, आणि इंजिनाच्या व ब्लोअरच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी तापवणारे हीट एक्स्चेंजर. या चार वस्तूंनी गालिचा स्वच्छ होतो. पडदा काहीच धूत नाही. पाणी अती तापले की इंजिन थांबवणारा स्विच हवा, घाण पाण्याची टाकी भरली की थांबवणारा तरंगता स्विचही हवाच, कारण ते पाणी ब्लोअरमध्ये शिरले तर आतून गंज धरून तो जाम होतो. स्विचांना माझा विरोध नाही. मात्र नुसता स्विच बिघडला आहे की खरोखर मशीनच बिघडले आहे, हे तारेत वीज आहे का ते दाखवणाऱ्या साध्या टेस्ट लॅम्पने ओळखता आले पाहिजे. फ्यूज, रिले आणि तारा समोर दिसत असतील तर तू ते रस्त्यावर उभी राहून शोधशील. तेच सगळे एका बंद सर्किट बोर्डात असेल तर तो बोर्ड येईपर्यंत व्हॅन दारात उभी राहील आणि हप्ता मात्र वेळेवर जाईल.

व्हॅनच्याच इंजिनावर चालणाऱ्या मशीनबद्दल तू सांगितलेस ते मला पटले. जागा वाचते, वजन वाचते, दुसऱ्या इंजिनाची देखभाल नको. पण गाडी गॅरेजात गेली की धंदाही गॅरेजात जातो, आणि उभ्या उभ्या चाललेले तास किलोमीटरच्या काट्यावर दिसत नसले तरी इंजिनाला लागतातच. स्वतंत्र इंजिनाचे मशीन उद्या दुसऱ्या व्हॅनमध्ये हलवता येते. तरीही तू व्हॅनच्या इंजिनावरचेच निवडलेस तर मी भांडणार नाही. तिथेही बेल्ट आणि ब्लोअर हाताला येतात का, एवढेच पाहा.

विक्रेता तुला व्हॅक्यूमचे आणि पाण्याच्या दाबाचे मोठे आकडे सांगेल. गालिच्याला ३०० ते ५०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाब पुष्कळ होतो आणि सोफ्याच्या कापडाला त्याहूनही कमी लागतो, हे तुला माहीत आहे. त्याच्या आकड्यांवर मान डोलाव आणि मग पाने माग. त्याच्यासमोर ऑइल फिल्टर स्वतः काढून पाहा, स्पार्क प्लगपर्यंत पाना पोचतो का पाहा, पंपाची झडप हात न खरचटता उघडता येते का पाहा, ब्लोअरच्या तोंडाशी दिवसाअखेर तेल मारायला जागा ठेवली आहे का तेही पाहा. इंजिन कोणत्या बनावटीचे आहे आणि त्याचा फिल्टर इंजिनांच्या सामानाच्या साध्या दुकानात मिळतो की फक्त यांच्याकडेच, हे विचारायला संकोच करू नकोस. वायरिंगचा नकाशा पुस्तकात छापलेला नसेल तर मला ते लक्षण बरे वाटत नाही. थंडीत पंपात आणि नळ्यांत राहिलेले पाणी गोठले की फुगून पितळसुद्धा फोडते, तेव्हा ते सगळे काढून टाकण्याची तोटी कुठे आहे, आणि क्षार साचल्यावर हीट एक्स्चेंजर धुता येतो का, आणि

माफ कर. हे सगळे तुला माझ्याहून चांगले येते, आणि मी तुला पहिलीतल्या मुलीसारखे लिहिते आहे. पंपाचे सील गेले आहे हे चौदाव्या वर्षी तू नुसत्या आवाजावरून सांगितलेस, तेव्हा बाबा तुला हसले होते आणि पंप उघडल्यावर गप्प झाले होते. ती गोष्ट मी किती जणांना सांगितली आहे हे तुला कळले तर तू लाजशील. धाकट्याला तर ती आता पाठ झाली आहे.

एक गोष्ट मात्र उपदेश वाटली तरी लिहिते. मशीन चालू असताना व्हॅनची दारे कधीही लावू नकोस, पाऊस असला तरी नाही, आणि धूर सोडणारी बाजू कोणाच्या खिडकीखाली उभी करू नकोस. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. आणि स्वच्छ पाण्याची ४०० लिटरची टाकी भरली की ४०० किलो तुझ्या पाठीशी असतात. ब्रेक त्या हिशेबाने लाव.

तुला वाटते की मला तुझ्या निवडीवर विश्वास नाही. तसे नाही. तुझ्या हातांवर माझा विश्वास आहे, म्हणूनच ते हात आत पोचतील असे मशीन तू घ्यावेस असे वाटते. रात्री नऊ वाजता, अर्धा ओला गालिचा मागे सोडून, परक्या दारात तू कोणाच्या तरी फोनची वाट पाहत उभी आहेस, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ते तुझे नव्हे, माझे दुखणे आहे.

या पत्रासोबत आपली तासांची वही पाठवते आहे. ऑइल कधी बदलले, ब्लोअरचे गिअर ऑइल कधी, कोणते बेअरिंग किती तासांनी गेले, सगळे माझ्या अक्षरात आहे आणि शेवटची चाळीस पाने कोरी आहेत. नव्या मशीनचा तासांचा आकडा त्यात पहिल्या दिवशी लिही.

सोमवारी सही करण्याआधी झाकण उघडायला लाव आणि मला बेल्टचा फोटो पाठव. "बंद पडले तर" असे मी विचारणार नाही. फक्त त्यावर छापलेला नंबर स्पष्ट दिसू दे, म्हणजे मी दोन जादा बेल्ट आणून ठेवीन. बाबा म्हणतात, दोन नको, तीन आण.

तुझी,
आई