जाहिरातीतून गाळलेले सात शब्द

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या पेपरात छोट्या जाहिरातींच्या पानावर माझ्या बाबांच्या निधनाची बातमी आली होती. 'वृद्धापकाळाने निधन, पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडं असा परिवार.' ती आम्हीच दिली होती त्यामुळे तक्रार कुणाबद्दलच नाही. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं शब्दावर पैसे आहेत, भावाने पेन घेतलं आणि सात शब्द उडवले, मी बाजूलाच उभी होते पण काही बोलले नाही, त्या दिवशी डोकं तरी कुठे ठिकाणावर होतं. पण तेव्हापासून ते सात शब्द काही सुचू देत नाहीयेत.

बाबा १९६६ ला फौजेत भरती झाले आणि १९९४ ला सुभेदार म्हणून रिटायर झाले. आजोबा इथे लालबागला गिरणीत होते, त्यांचं म्हणणं पोराने बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी लागावं, पुढेमागे परमनंट होईल. बाबा न सांगता बेळगावला, मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्रावर गेले. पलटण मिळाली पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. ही पलटण १७६८ साली आपल्या मुंबईतच उभी राहिली, कंपनी सरकारने इथलं बेट राखायला उभी केलेली, हे बाबा भेटेल त्याला सांगायचे, टॅक्सीवाल्याला पण.

१९७१ च्या लढाईत त्यांची पलटण पूर्वेला, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होती. तेव्हा पत्रं '९९ एपीओ'वरून, म्हणजे फौजेच्या पोस्ट ऑफिसातून यायची. फौजी पत्रावर गावाचं नाव नसतंच, पूर्वेकडचं टपाल ९९ वरून आणि काश्मीर-पंजाबकडचं ५६ वरून. नंतर पत्रं ५६ एपीओवरून यायला लागली तेव्हा आजीने चाळभर सांगितलं की पोरगा जवळ आला, आकडा कमी झाला ना!

जमालपूरबद्दल बाबा फार कमी बोलायचे. एक गोष्ट मात्र दरवर्षी डिसेंबरात व्हायचीच. आपल्या ब्रिगेडियरने शहरातल्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, एका म्हाताऱ्या गावकऱ्याच्या हाती, आणि उत्तर आलं ते कागदात गोळी गुंडाळून. मग १० तारखेच्या रात्री ते लोक अंधारात बाहेर पडून ढाक्याकडे निसटायला बघत होते आणि त्यांच्या रस्त्यावर आडवी बसली होती आमची जंगी पलटण. एवढं सांगितलं की बाबा थांबायचे. आम्ही विचारायचो पुढे काय झालं, तर म्हणायचे, पुढे सकाळ झाली. पण त्या म्हाताऱ्याबद्दल खूप बोलायचे, की आमच्याकडे रायफली होत्या, त्याच्याकडे नुसता कागद, आणि तो गेला पण आणि परत पण आला. टीव्हीवर स्टुडिओत बसून युद्ध करणारे दिसले की बाबा रिमोट शोधायचे.

सुट्टीचं सांगते. वर्षाला दोन महिने आणि वर थोडी कॅज्युअल, ती पण मिळाली तर. मी एकदा हिशोब घातला होता, अठ्ठावीस वर्षांत घरी राहिले ते सगळे दिवस मिळून सात वर्षं सुद्धा भरत नाहीत. फौजेत मराठा पलटणीच्या जवानाला 'गणपत' म्हणतात, आणि लालबागचा हा गणपत गणपतीला घरी जवळजवळ कधीच नव्हता. कारण अख्खी पलटण आपल्याकडची, गणपतीत सुट्टी सगळ्यांनाच पाहिजे, आणि बाबा आपली सुट्टी नव्या पोरांना देऊन टाकायचे. आईने त्यावरून आयुष्यभर ऐकवलं, आणि मला विचाराल तर तिचं बरोबरच होतं.

पण आले की पूर्ण आमचे असायचे. रविवारी संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत पेपर पसरून आमचे शाळेचे बूट घ्यायचे. आधी ब्रशने धूळ, मग दोन बोटांना फडकं गुंडाळून डबीतलं पॉलिश, छोटे छोटे गोल, मग पाण्याचा एकच थेंब आणि परत गोल, असं अर्धा तास एका बुटाला. बुटात भांग दिसला पाहिजे म्हणायचे. ते गेले की मी आठवडाभर बूट पुसायचेच नाही, पॉलिश जाईल म्हणून.

आणि १९८२ चा संप. आजोबा आणि काका दोघेही गिरणीत, १८ जानेवारीपासून दोघेही घरी, खोली एक आणि खाणारी तोंडं नऊ. अडीच लाख कामगारांच्या चुली थंडावल्या होत्या, आजूबाजूची बिऱ्हाडं एकेक करून गावी गेली, आम्ही टिकलो ते बाबांच्या मनीऑर्डरवर. पोस्टमन आला की आजोबा उठून मोरीत तोंड धुवायला जायचे, सही आजीचा अंगठा. मी तेव्हा आठ वर्षांची, मी बाबांना इनलँडवर लिहिलं की तुमच्या मोठ्या साहेबांना सांगून संप मिटवा. बाबा प्रत्येक पत्रावर लाल पेनने 'मिळाले' आणि 'उत्तर दिले' अशा तारखा टाकायचे, ऑफिसच्या फाईलसारख्या, तशी त्या पत्रावर पण आहे. उत्तर आलं, संप माझ्या साहेबांच्या हातात नाही, तू सतराचा पाढा पाठ कर. त्या संपाचं पुढे काय झालं सगळ्यांना माहितीये, मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. काका पुन्हा गिरणीत गेले नाहीत, त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं बाबांच्या फंडातून झाली.

रिटायर झाल्यावर बाबा एका बँकेत गनमॅन होते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पाण्याचं मात्र सांगते. पहाटे नळ यायचा तेव्हा बाबांनी मजल्यावरच्या सगळ्या हंड्यांना नंबर टाकले होते, पांढऱ्या ऑइलपेंटने, त्यांच्या ट्रंकेवर नाव होतं तसेच. भांडणं बंद झाली असं नाही, पण रांगेत व्हायला लागली.

पत्र मोठं झालंय, जागा नसेल तर हंड्यांचं कापा, बुटांचं पण कापा हवं तर. पण जाहिरातीत आम्ही गाळलेलं हे तेवढं छापा: सेवानिवृत्त सुभेदार, मराठा लाईट इन्फंट्री, जंगी पलटण. मोजून सात शब्द आहेत, पैसे लागत असतील तर कळवा.

एका सुभेदाराची मुलगी,
लालबाग, मुंबई