नाना, पॅडचं तुम्ही आधीच सांगितलंत म्हणून

नाना,

ठाण्यात उपवनच्या कट्ट्यावर समोरासमोर बोलायला गेलो की गळा भरून येतो, म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितोय, कारण आपल्यातले साठीपुढचे पुरुष प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळण्याचा हा विषय काढतच नाहीत.

बायोप्सीत प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर निघाला, ग्लीसन (पेशी किती बिघडल्यात त्याचा आकडा) 3+4 आलं, डॉक्टर म्हणाले रोबोटिकने प्रोस्टेट काढून टाकू, आणि घरात सगळे त्या रोबो शब्दालाच धरून बसले, मुलगा तर म्हणे बाबा आठवड्यात तुम्ही एकदम नॉर्मल. तुम्ही एकटेच म्हणालात की अरे, रोबो स्वतःहून काही करत नाही, डॉक्टरच कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतात, भोकं लहान, रक्त कमी जातं हे खरं, पण लघवीचा कंट्रोल त्यामुळे आपोआप वाचतो असं नाही. नंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास 2016 मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता म्हणे, 308 पुरुष, साधारण अर्ध्यांचं ओपन म्हणजे मोठा छेद घेऊन, अर्ध्यांचं रोबोटिक, आणि तीन महिन्यांनी लघवीचा ताबा काय, शरीरसंबंध काय, दोन्हीकडे फारसा फरक नव्हता.

ऑपरेशनआधीच तुम्ही मला केगल, म्हणजे लघवी रोखणाऱ्या स्नायूंचा व्यायाम, करायला लावलंत. कुठला स्नायू आत ओढायचा ते समजावलंत, आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असताना अजिबात करायचं नाही हेही बजावलंत. दहाव्या दिवशी कॅथेटर निघाला, खुर्चीतून उठलो आणि पॅन्ट ओली. त्या क्षणी खचलोच असतो हो, पण तुमचं वाक्य आठवलं, "पहिले काही आठवडे गळणारच, ऑपरेशन फसलं असं समजू नकोस." त्याच संध्याकाळी तुम्ही काळ्या पिशवीत पॅडची पाकिटं घेऊन आलात, सुनेसमोर एक शब्द न बोलता खुंटीला अडकवलीत आणि चहा मागितलात. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

डायरी ठेव म्हणालात, ठेवली. पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा पॅड, महिन्याने तीन, चौथ्या महिन्यात एक, आणि आता फक्त जोरात खोकलो किंवा भाजीची जड पिशवी उचलली तरच थेंब दोन थेंब. संध्याकाळी दमल्यावर जास्त गळतं हेही तुम्हीच सांगितलेलं, नाहीतर रोज संध्याकाळी वाटलं असतं की परत मागे गेलो.

आणि ते दुसरं, नवरा-बायकोतलं. नसा वाचवल्या तरी दीड-दोन वर्षं लागू शकतात, कुणाकुणाचं पूर्ण परत येतही नाही, हे तुम्ही सांगितलंत आणि वर म्हणालात वहिनींशी बोल, एकटा कुढू नकोस. बोललो. छत्तीस वर्षांत इतकं मोकळं आम्ही कधी बोललो नव्हतो.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या पीएसएला, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीला, लॅबमध्ये तुम्हीच बरोबर होतात. रिपोर्टवर 0.1 पेक्षा कमी आलं, आणि माझ्याआधी तुमचेच डोळे भरले. ग्रंथीच काढली म्हटल्यावर आकडा जवळपास शून्यच हवा, 0.2 च्या वर जायला लागला तर परत बघायचं, हे आता मलाही पाठ झालंय. पुढची टेस्ट तीन महिन्यांनी.

काल पाचपाखाडीतल्या एकांचा फोन आला होता, त्यांची तारीख पुढच्या मंगळवारी आहे. त्यांना रविवारी सकाळी कट्ट्यावर बोलावलंय. नाना, तुम्ही पण या.